वन्सं, इथे अक्कल घाला

प्रिय वहिनी,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. आपण दोघी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसणाऱ्या. काही सांगायचं असलं की खुर्ची गर्रकन फिरवायची आणि सांगून मोकळं व्हायचं. पण तुझी खुर्ची उन्हाळ्यापासून रिकामी आहे. फोनवर तू हवापाण्याच्या पुढे जात नाहीस आणि घरी आले की दादा आपल्या दोघींच्या मध्ये ठाण मांडून बसतो. म्हणून हा उद्योग. मी काय मागणार आहे ते पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे तुला अंदाज बांधत बसायला नको. मला तू कामावर परत हवी आहेस. आता बाकीचं निवांत ऐक, आणि 'झाली हिची टकळी सुरू' म्हणून मधेच उठून जाऊ नकोस.

इथलं सगळं जागच्या जागी आहे. खालचे भट्टीवाले काका अजूनही सकाळीच कॉफीच्या बिया भाजायला घेतात आणि तो करपट-गोड वास जिन्यावरून आपल्या दाराच्या फटीतून आत येतो. शेजारच्या दंतवैद्याचे पेशंट बधिर जबडा घेऊन बाहेर पडतात, त्या वासाने वेडे होतात आणि खाली जाऊन कॉफी मागवून ती शर्टावर सांडतात. काकांनी आता त्यांच्यासाठी वेगळे रुमाल ठेवलेत. तू असतीस तर खिडकीत उभी राहून कोण सांडणार आणि कोण नाही यावर पैज लावली असतीस. मी एकटीने पैज लावून पाहिली. मजा येत नाही.

कॉफी मात्र मला अजून जमलेली नाही. तू कशी ओतायचीस ते मी इतकी वर्षं पाहिलं, पण नीट लक्ष कधी दिलं नाही हे आता कळतंय. तू कपाकडे बघायचीच नाहीस. नजर संगणकाच्या पडद्यावर, हातात किटली, आणि कपात पाणी चढत गेलं की त्याचा आवाज बारीक होत जातो, तो ऐकून बरोबर काठाशी थांबायचीस. तेव्हा तुझे डोळे ठणठणीत होते, तरी कानांवर काम चालायचं. मी परवा तसं करायला गेले आणि टेबलभर तळं केलं. आणि आपला तो नियम, एकीने दुसरीच्या कामात चूक काढली की चूक करणारीने कप विसळायचे, तोही आता बंद पडलाय. माझ्या चुका काढायला कोणी नाही, त्यामुळे मी रोज जिंकते आणि रोज मीच कप विसळते. असलं जिंकणं डोक्यात जातं माझ्या.

तुझे डोळे अधू होत चालले आहेत हे मी विसरलेले नाही, आणि त्याच्यावर गोड बोलून पांघरूणही घालणार नाही. आधी तू टेबलाच्या कोपऱ्याला धडकायला लागलीस, तेव्हा मी तुला धांदरट म्हणून हसले. मग ओळींची टोकं दिसेनाशी झाली, मग डॉक्टर म्हणाल्या की नजर अशीच आक्रसत जाणार. नळीतून बघितल्यासारखं दिसतं आणि त्या नळीतही अक्षरं फुटतात, असं तू मला सांगितलंस आणि त्याच दिवशी स्वेटर उचलून घरी गेलीस. जाताना म्हणालीस, "कोणीतरी डोळस माणूस बघ." जसं काही मी इतकी वर्षं तुला डोळ्यांसाठी ठेवून घेतलं होतं! मला तेव्हा रडू आलं आणि रागही आला. रडू आता ओसरलंय. राग तेवढा शाबूत आहे.

डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी तुला फोनवरचा तो वाचणारा आवाज लावून दाखवला होता. पानावर बोट फिरवलं की काय काय आहे ते बोलून सांगणारा. तू तो लगेच बंद करायला लावलास. "हा कोण मेला माझ्या कानात पुटपुटतोय?" म्हणालीस. मला हसू आलं होतं, पण तुझं दुःख कळलंही होतं. तू जन्मभर लोकांच्या वेबसाइटची दिसायला देखणी पानं बांधलीस. दोन ओळींत किती मोकळी जागा सोडायची यावर तू तासन्‌तास वाद घातलेला आहेस. त्या पानांचं कोणीतरी नाकात बोलून पोतेरं करावं हे तुला कसं सोसेल?

डोळस माणूस मी बघितला, बरं का. आपल्याला हवी तशी पदवी, बोलायला चुरूचुरू. त्याने पहिल्याच आठवड्यात एका फुलवालीचं पान करून दिलं. इकडून तिकडून आयतं सामान आणून इतकं भरलं की ते उघडेपर्यंत माझी कॉफी निवली. मी त्याला म्हटलं, अरे, तिला फुलांचे चार फोटो, पत्ता आणि फोन नंबर हवाय, लग्नाचा मांडव नकोय. तो म्हणाला, हल्ली असंच करतात. मला तुझी पानं आठवली, बोट उचलायच्या आत उघडणारी. एखादं पान तसं फटकन उघडलं की आपण दोघी उगाचच एकमेकींकडे बघून खूश व्हायचो. कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. त्या पोराला हे काही समजेना. शेवटी मी त्याला गोडीत निरोप दिला आणि पान स्वतः निस्तरलं.

आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यात आपल्या कचेरीत एका आजोबांचा फोन आला. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, जन्मापासून दृष्टी नाही, आवाज असा खणखणीत की मी खुर्चीत ताठ बसले. भट्टीवाले काकांची कॉफी त्यांना आवडते, म्हणून त्यांनी काकांच्या दुकानाच्या पानावरून मागवायला घेतली. ते पान तेच वाचणाऱ्या आवाजाने ऐकतात. तर म्हणाले, "बाई, मी पुडी वाढवायच्या बटणावर गेलो की यंत्र मला म्हणतं, 'वन्सं, इथे अक्कल घाला.' पुढच्या पुडीवर गेलो, तिथेही तेच. पहिली गोष्ट म्हणजे मी कोणाचीही वन्सं नाही. आणि अक्कल घालायची तर किती ग्रॅम?"

वहिनी, मी लगेच ओळखलं. तुझी सवय! पानाचा सांगाडा तू उभा करायचीस, शब्द मी लिहायचे, आणि जिथे जिथे माझे शब्द हवेत तिथे तू खोडसाळपणे तेच वाक्य ठेवून द्यायचीस, मला चिडवायला. काकांचं पान हे तुझं शेवटचं काम. तू गेल्यावर मी एकटीने बसून त्यातलं प्रत्येक 'अक्कल घाला' शोधलं आणि भरलं. म्हणजे, डोळ्यांना दिसलं तेवढं. पण बटणाच्या पोटात एक दडलेली ओळ असते. ती पडद्यावर दिसतच नाही, जे कानांनी पान वाचतात त्यांनाच ऐकू येते. तिथे मी फिरकलेच नाही. मला अधिकचं चिन्ह दिसलं, मी पुढे गेले. तेव्हापासून दृष्टी नसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपलं पान ठणकावून सांगतंय की अक्कल घाला! मी माफी मागायला सुरुवात केली तर आजोबा इतके हसत होते की त्यांना ठसका लागला. म्हणाले, निदान तुमच्या बटणाला तोंड तरी होतं. बाकीच्यांची नुसतीच म्हणतात, बटण, बटण, बटण.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा फोन केला. त्यांची एक संस्था आहे. दवाखाने, वाचनालयं, बँका, जिथे जिथे माणसाला पानावरून काम करावं लागतं, ती पानं कानांनी चालतात की नाही हे तपासून दुरुस्त करून देणारं कोणीतरी त्यांना हवंय. तक्रार करणारे पुष्कळ आहेत म्हणाले, पण कुठे अडतं ते सांगून लगेच दुरुस्तही करील असं माणूस मिळत नाही. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. मग आवाज लावून स्वतः करायला बसले आणि सपशेल तोंडावर आपटले. तो आवाज धावत सुटतो आणि मी त्याच्या मागे. दोन मिनिटांत माझे डोळे चोरून पडद्याकडे जातात, बटण कुठे आहे ते बघून घेतात आणि मग मला वाटतं, वा, ऐकून समजलं की! ही शुद्ध फसवणूक आहे. ज्याला बघता येतं त्याला हे काम करता येणार नाही असं मी म्हणत नाही. मला येत नाही एवढं नक्की. आणि तुला पानाची हाडं न हाडं पाठ आहेत. कुठलं हाड कुठे मोडलंय हे तुला आवाजावरून कळेल. मला तुझी दया आलेली नाही, वहिनी. मला तुझी गरज आहे. दया आली असती तर मी घरी फळं घेऊन आले असते.

आजोबांना मी तुझ्याबद्दल सांगितलं. 'अक्कल घाला' लिहिणारी तीच, असंही सांगितलं. सोमवारी ते आपल्या खोलीवर येणार आहेत, आणि तू असशील असा शब्द मी त्यांना दिलाय. तुला न विचारता दिला, हो. विचारायला गेले असते तर तू नाही म्हणाली असतीस. पहिले दिवस वाईट जातील. तू चिडशील, त्या आवाजाला शिव्या घालशील, मलाही घालशील. मी ऐकून घेईन आणि तुझ्यावर खेकसेनही, पूर्वी खेकसत होते तशीच. जिन्यात तू माझं कोपर धर. मी तुझा हात धरून ओढणार नाही. हे आजोबांनीच मला शिकवलंय.

राहिला दादा. दादा वाईट नाही, तुझ्यापेक्षा मी त्याला जास्त वर्षं ओळखते. माझा दात पडला तेव्हा घाबरून तो रडला होता. त्याला भीती वाटली की तो माणसाला कापसात गुंडाळून ठेवतो. तुला आलेलं सगळं तोच वाचून दाखवतो ना? चार दिवसांपूर्वी मी तुला लांबलचक निरोप धाडला होता. आजोबांचं, कामाचं, सोमवारचं, सगळं त्यात होतं. त्यावर तुझं उत्तर आलं, 'तूही काळजी घे.' मी चक्रावले. मग दादाला गाठलं तर मान खाली घालून म्हणाला, "तिला कशाला त्रास? मी थोडक्यात सांगितलं." थोडक्यात म्हणजे काय, तर 'ती बरी आहे, काळजी घे म्हणते'! त्याच्याशी मी भांडणार आहे, पण सोमवारनंतर, आणि तुझ्यासमोर. तुझ्या आयुष्यातलं काय गाळायचं हे ठरवायचा हक्क त्याला नाही. खरं तर मलाही नाही. म्हणून जे आहे ते सगळं तुझ्यापुढे मांडलंय. नाही म्हणायचं असेल तर तू म्हण, पण ऐकून म्हण.

आणि म्हणूनच हे पत्र मी असं लिहिलंय. तुला पाठवलेलं हे पान दादाने उघडलं असेल, तेव्हा त्याला पांढऱ्याफटक पडद्याखेरीज काहीही दिसलं नसेल. खालीवर करून पाहिलं असेल, डोकं खाजवलं असेल, आणि तुला हाक मारून म्हणाला असेल की माझ्या बहिणीने कोरंच पान पाठवलंय, काहीतरी बिघडवलेलं दिसतंय. या पत्राचा शब्द न शब्द मी पानाच्या पोटात ठेवलाय, जिथे डोळ्यांचं काही चालत नाही. कोरं पान म्हटल्याबरोबर तुला काय ते कळलं असणार, जगात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. त्याची पाठ फिरल्यावर तू तो मेला पुटपुटणारा आवाज स्वतःच्या हाताने सुरू केला असणार, नाहीतर यातलं एक अक्षरही तुझ्यापर्यंत पोचलं नसतं. दादाने वाचून दाखवलेलं नाही, मी शेजारी बसलेले नाही. पहिल्या ओळीपासून इथपर्यंत तू एकटी आलीस, कानांनी. वहिनी, सोमवारचं काम एवढंच आहे.

तुझीच,
हट्टी नणंद