मनगटाला बांधलेलं हळकुंड

आई, तुझ्या उजव्या डोळ्याची पापणी पडली तो दिवस मला अजून दिसतो. कळंब्याच्या घरी चुलीपुढं बसून तू एका हातानं पापणी वर धरतेस आणि दुसऱ्या हातानं भाकरी उलटतेस. डोकं आठवडाभर ठणकत होतं, पण बोलली नव्हतीस. मी माहेरी आले म्हणून कळलं, नाहीतर तशीच रांधत राहिली असतीस.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुगली असावी. कुठं फुगलीय ते दिसल्याशिवाय ऑपरेशनचं बोलता येणार नाही. त्यासाठी मानेतल्या धमनीत सुई घालून औषध सोडायचं आणि ते वर चढत असताना भराभर एक्स-रे काढायचे. सुईला तू घाबरली नाहीस. पण सिस्टर म्हणाल्या, मंगळसूत्र काढा, आणि तू खाटेवर उठून बसलीस.

"न्हाय जमायचं. मालक जित्तं हायती माझं."

आबा दारातच होते. "मी हितं खांबासारखा उभा हाय की. सोनं काढलं म्हणून लगीच मरतुय व्हय?"

"तुमी गप बसा. तुमच्यासाठीच चाललंय."

सिस्टर हसल्या, डॉक्टर हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, आज राहिलं तर पुढं ढकलावं लागेल, आणि तोवर ती रक्तवाहिनी फुटली तर आमच्या हातात काही नाही. मग मी समोरच्या दुकानातून हळकुंड आणि हळदीची पुडी आणली, पुडीचाच दोरा हळदीत पिवळा केला. मान मोकळी हवी होती म्हणून आबांनी ते तुझ्या मनगटाला बांधलं. गाठ बसेना म्हणून ते दोरा करकचून ओढत होते. "बैल बांधताय व्हय, जरा हळू," तू म्हणालीस. मग स्वतःच मंगळसूत्र उतरवून माझ्या मुठीत दिलंस. बाहेरच्या बाकावर बसून मी अंबाबाईचं नाव घेत राहिले, मणी बराच वेळ कोमट होते. आतून तुझं एकदाच कण्हणं ऐकू आलं. नंतर सांगितलंस, "औषध चढलं तसं अर्धं तोंड भाजल्या वांग्यागत झालं बघ."

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. कवटीच्या आत पांढऱ्या धमन्या फांद्यांसारख्या पसरलेल्या, आणि एकीला मिरीएवढा फुगा. तू वाकून बघितलंस. "एवढ्याशानं माझी पापणी पाडली?"

ऑपरेशनला पुण्याला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या सकाळी पिशवी भरता भरता तू खाली बसलीस, ती परत उठली नाहीस. त्या बाकावर अंबाबाईला बोललेली ओटी मी तरीही भरली. देवाला दिलेला शब्द मोडायचा नाही, ही तुझीच शिकवण.

आता मानेत सुई घालावी लागत नाही म्हणे. मुंबईत यंत्रात डोकं ठेवलं की आतलं सगळं दिसतं. ऐकलं की मला उगाच तुला सांगावंसं वाटतं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. कधीमधी माझं डोकं दुखतं. डॉक्टरांनी बघितलंय, उन्हाचं आहे म्हणाले, काळजीचं काही नाही. पण मी गोळी लगेच घेत नाही. घरात सगळ्यांना वाटतं, बाई गोळीसुद्धा वाचवते, आणि मी ते खोडत नाही. खरं असं आहे की ठणका सुरू झाला की तू शेजारी बसल्यासारखं वाटतं, आणि गोळीनं तो थांबतो.