आडवी ठेवलेली बाटली

४ ऑक्टो. ६१, मेहकर
द्राक्षासवाच्या सात बाटल्या उघडल्या. सातही आंबट. बरण्या सोडून बुचाच्या बाटल्या धरल्या त्याला तीन वर्षं झाली, तिन्ही वर्षं हेच रडगाणं. दवाखाना दोघा भावांचा, पण शेवटचा शब्द दादांचा. म्हणाले, "यंदाचं बिघडलं तर घरी करणं बंद. कंपनीचं आणू." आजोबांपासून चालत आलेलं काम. जेवण गेलं नाही.

८ ऑक्टो.
बाजार. कासमचाचाकडे रिकाम्या बाटल्या घ्यायला गेलो. पूर्वी बुलढाण्याला साहेबाच्या बंगल्यावर खानसामा, आता बाटल्या विकतो. माझी शकू सोबत. मॅट्रिक झाल्यापासून पोरीला सगळ्याचं कारण पाहिजे.
"चाचा, या वाईनच्या बाटलीच्या बुडाले खड्डा काऊन?"
चाचा खुलला. पहिले म्हणे तोंडानं फुंकून करत. बाटली धरायला बुडाला चिकटवलेली सळई तोडली की काचेचं टोक राही, बाटली डुगडुगे, मेज खरचटे. म्हणून बूड आत ढकलत. साचे आले तरी खड्डा राह्यला. उभार खांदे गाळ अडवायला, हिरवी काच उजेडासाठी. इतकी वर्षं हाताळतो, एकदा उलटी करून पाहिली नाही मी.
मग म्हणे, "वैद्यजी, तुम्ही उभ्या ठेवता का? बूच सुकते ना. सायबाच्या तळघरात सगळ्या झोपलेल्या राहत."
माझं डोकं फिरलं. दारूची रीत औषधाला? उठून आलो. बाटल्या शकूनं आणल्या.

९ ऑक्टो.
शकू मागेच लागली. "बाबा, बूच ओलं राह्यलं तर फुगून राह्यते, हवा शिरत नाही. आपला उन्हाळा बुचाले सोडते का?"
पटतं. पण आमच्या घरात औषध आडवं ठेवत नाहीत. औषध निजलं की रोगी निजला. कलंडलेली बाटली आजोबा फेकून देत. गप बस म्हणालो तिला. उगाच बोललो.

२७ ऑ.
भाद्रपदात घातलेलं आसव गाळलं. आसव आंबवायची धायटीची फुलं संग्रामपूरकडची, यंदा झकास. वास असा की दादाही आत येऊन उभे राहिले. चोवीस बाटल्या. बुचं उकळून ठोकली. उभ्याच ठेवल्या. बघू

धनत्रयोदशी
धन्वंतरीपुढं चोवीस बाटल्या ओळीनं उभ्या. दादांनी कुंकू लावलं. आरती झाली अन् मी बारा उचलून कुटाराच्या मऊ भुशावर आडव्या केल्या. शकूनं कुटार आधीच पसरून ठेवलं होतं, बेरकी.
दादा म्हणाले, "काय करून राह्यला बे?"
"निजवतो."
"अन् रोग्याचं काही झालं तर?"
"माझ्या नावानं खापर फोडा."
उरलेल्या बारांना दादांनी हात लावू दिला नाही.

१८ जाने. ६२
हिवऱ्याचे म्हातारे गेले. नव्वदीचे होते, आमचे जुने रोगी. दादांनी कुटाराकडे पाहिलं. गुपचूप बाटल्या उभ्या करायला गेलो, पहिली उचललीही. मागं शकू.
"बाबा, त्यायनं यातलं थेंबभर घेतलं नाही. बाटली एक तरी उघडली का आपण?"
खरंच की. बाटली परत निजवली. तरी धाकधूक आहेच.

४ मार्च
ऊन तापायला लागलं. दोन्हीतली एकेक उघडली. उभीचं बूच चुरा होऊन निघालं, चव जराशी आंबट. आडवीचं बूच ओलं, गच्च, ओढता ओढता घाम फुटला. आत आसव चोख. आजोबांच्या हातचं. डोळे भरून आले, लपवायचं कशाला.
दादांनी दोनदा चाखलं. "वैशाख जायचा आहे अजून." मग म्हणाले, "तवर कंपनीले पत्र टाकत नाही." अन् स्वतःच्या उरलेल्या अकरा कुटारावर नेऊन ठेवल्या.
शकू बाटल्यांवर डकवायच्या चिठ्ठ्या लिहायला बसली. करणाऱ्याच्या जागी माझं नाव. म्हणालो, खाली तुझंही लिही. पोरगी लाजली. लिहिलं, पण पेन्सिलीनं. शाई आहे की दौतीत, म्हणालो.
"वैशाख निघू द्या, बाबा."