लक्ष्मीपूजनातलं कानाचं मशीन

अमडापूर
२७ ऑक्टोबर २०२५

चि. गार्गी हिस,
अ. उ. आ.

फोनवर बोललं तर अख्खं घर ऐकते, म्हणून लिहून राह्यली. तुह्या वहिनीनं, रुपालीनं, लक्ष्मीपूजनापासून माह्याशी बोलणं टाकलं. तुहा भाऊ विहंग बोलते, पण भिंतीकडे पाहून. आता तूच सांग, मी असं काय केलं?

आपल्या घरी पूजेत सगळ्यात मोलाची वस्तू ठेवायची रीत आहे. सासूबाई पाटल्या ठेवत. मी आरोहीच्या कानामागचं मशीन ठेवलं. तुही भाची जन्मापासून बहिरी, एवढ्याशा डोक्याचं ऑपरेशन झालं, त्या मशीनच्या जोरावर ते लेकरू आजी म्हणायले शिकलं. त्याहून मोलाचं या घरात काय आहे? म्हणून चांदीच्या नाण्यांसंगं त्यालेही पंचामृताचं स्नान घातलं, पुसलं, हळदकुंकू वाहिलं. सकाळी लावलं तर बंद.

विहंग ते घेऊन संभाजीनगरले कंपनीच्या ऑफिसात गेला. तिथल्या माणसानं सांगतलं की आतली चिप जळली, हे मॉडेल आता निघत नाही, नवीनच घ्या. नवीन घेणं आपल्या आवाक्यातलं नाही. आणि बोलणं शिकवणारी बाई म्हणते की असंच राह्यलं तर पोरगी शिकलेले शब्द विसरून जाईन.

मले राग याचा येते की नखाएवढ्या तुकड्यावर माह्या नातीचं बोलणं टांगलेलं आहे, हे मले कोणीच सांगतलं नाही. तू तर बंगलोरले त्याच चिपांचं काम करते. विचारलं की म्हणते, आईले नाही कळायचं. आता कळव.

तू तरी या म्हातारीवर रुसू नको.
तुही आई, शारदा


बंगळूर
३ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग अंगाचा तिळपापड झाला. तुझ्यावर नाही, पुढे वाच.

तुला नाही कळायचं असं मी म्हणत आले, ते माझं चुकलं. तांब्याच्या तारेतून वीज सरळ धावते, काचेतून जातच नाही. सिलिकॉन या दोघांच्या मधला, वाळूपासून काढलेला. तो अगदी शुद्ध करायचा आणि त्यात दुसऱ्या पदार्थाचा किंचित अंश मिसळायचा, तू दुधाला लावतेस त्या विरजणाहून कितीतरी कमी. मग आपण म्हणू तेव्हा तो वीज सोडतो, म्हणू तेव्हा अडवतो. म्हणून तो अर्धवाहक. अशी लाखो बटणं नखाएवढ्या तुकड्यावर कोरली की झाली चिप. मी तिचे नकाशे काढते. आरोहीच्या मशीनमधली चिप आवाजाचे आकडे करते, गलक्यातून बोलणं निवडते आणि ऑपरेशननं डोक्यात बसवलेल्या भागाकडे पाठवते. तुझा फोन, एसटीतलं तिकिटाचं मशीन, चिखलीच्या दवाखान्यातली सोनोग्राफी, सगळं यावरच चालतं. आणि या चिपा बनवणारे कारखाने जगात मोजकेच. त्यांनी एखादी बनवणं थांबवलं की अमडापुरातलं लेकरू ऐकायचं थांबतं, आणि जाब विचारायचा तर कोणाला?

पण माझा खरा संताप त्या माणसावर आहे. चिप कवचात बंद असते, दुधादह्यानं ती सहजासहजी जळत नाही. त्यानं मशीन उघडलं तरी होतं का, हे विहंगला विचार. नसेल तर आजच कुरिअरनं माझ्याकडे पाठव. इथल्या ऑफिसात जाऊन मी माझ्यासमोर उघडायला लावते.

आणि पुढच्या दिवाळीला पाटल्याच काढ. मशीनला कुंकू लावायचंच तर कोरडं, तेही लांबून.

बाबांना नमस्कार. तुझा राग जपून ठेव, लागणार आहे.
तुझी, गार्गी


अमडापूर
२० नोव्हेंबर २०२५

चि. गार्गी हिस,
अ. उ. आ.

मशीन काल परत पोचलं. संगं तुही चिठ्ठी वाचली की चिप धडधाकट होती, बॅटरी बसते तिथं दह्यानं हिरवट थर चढला होता, तो साफ केला नि मशीन सुरू झालं. म्हणजे त्या माणसानं एक स्क्रूही न फिरवता माह्या नातीचे कान निकालात काढले. विहंगनं त्याले फोन लावला, तर म्हणते की जुनं मशीन उघडत बसायचं नाही असा वरून हुकूम आहे. मी फोन हिसकावला आणि विचारलं की तुह्या लेकराचं असतं तर उघडलं असतं की नाही. त्यानं फोन ठेवून दिला. मी सोडणार नाही. तक्रार लिहिली आहे, तू ती इंग्रजीत करून पाठव.

रुपालीनं मशीन लावलं. कुकरची शिट्टी झाली तशी आरोही दचकली नि हसली. रुपाली मन भरून रडली, मग चहा करून माह्या हातात आणून दिला.

थोड्या वेळानं पोरगी मांडीवर येऊन बसली आणि विचारलं की आजी माह्यावर काऊन रुसली होती. मी म्हणलं की रुसली नव्हती, तुलेच ऐकू येत नव्हतं. तर म्हणते की ते तिले ठाऊक होतं, पण आईचे ओठ हलत होते, बाबाचे हलत होते, आजीचेच हलत नव्हते.

खरंच होतं गार्गी. लाजेनं मी त्या लेकरासमोर तोंडच उघडलं नव्हतं.

बाकी सगळं ठीक. माया आहे तशीच ठेव. आरोही हाका मारून राह्यली, तिच्याशी बोलायले जाते.
तुही आई, शारदा