जेवणाच्या टेबलावरचा बैल

प्रिय वन्सं,

वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण आमच्या बाहेरच्या खोलीतल्या फरशीवर सध्या कुणी आडवं-उभं काहीही होऊ नये असा घरात ठराव झाला आहे. कारण पुढे येईलच.) तुमची तब्येत आता सुधारली असेल, बाळानं बाळसं धरलं असेल आणि भाऊजी लंगोट धुण्यात पटाईत झाले असतील. आईंचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. आईंना हवं तितके दिवस ठेवून घ्या, मुळीच घाई नाही. हे वाक्य मी अगदी मनापासून लिहिते आहे, निदान सुरुवात तरी मनापासून केली होती.

तुम्ही प्रत्येक फोनवर विचारता, बाबा बोलायला का येत नाहीत? मी एकदा सांगितलं घसा बसलाय, मग सांगितलं अंघोळ करतायत, मग फिरायला गेलेत. (इतक्या अंघोळी माणूस जन्मात करत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.) खरं कारण आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेलं आहे. बाबा लिफ्टच्या कामातून निवृत्त झाले आणि जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला लिफ्टचा दोर कसा कुरकुरतो ते ऐकवायला लागले, तेव्हा तुमच्या बंधूंनी त्यांच्यासाठी तो इंग्रजी अक्षरांच्या चकत्यांचा खेळ आणला. पटावर अक्षरं जोडून शब्द करायचे, एवढंच मूळ खेळात आहे. पण आपल्या घरात आलेली वस्तू मूळ स्वरूपात राहिली असं कधी झालंय का? आईंनी नियम काढला, की जो शब्द लावाल तो घरात करून दाखवायचा, आणि वस्तू असेल तर घरात कुठे आहे ते दाखवायचं. जन्मभर अख्ख्या गावाच्या लिफ्ट चालू ठेवणाऱ्या माणसानं घरातल्या एका खिळ्याला हात लावला नव्हता, त्यावरचा हा उपाय. ‘मॉप’ लावल्याबद्दल बाबांनी पहिल्यांदा फरशी पुसली ती तेव्हा. मग बाबांनीही एक नियम काढला. ज्याची खेळी असेल त्यानं शब्द लावेपर्यंत समोरच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. आई गप्पांत गुंगवून डाव मारतात, ही त्यांची जुनी तक्रार.

तुमच्याकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी आईंनी ‘ऑक्स’ लावला. ऑक्स म्हणजे बैल. बाबांना वाटलं आता सापडली. खुर्चीत पुढे सरकून ते म्हणाले, “दाखव! घरात बैल दाखव!” आईंनी फक्त बोट वर केलं आणि बाबांकडे दाखवलं. आम्ही सगळे हसलो. शेजारचे दाताचे डॉक्टर तर असे हसले की चहा नाकातून आला. बाबा मात्र लालबुंद झाले, उठले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी आई ठरलेल्या गाडीनं निघाल्या, बाबा स्टेशनवर गेले नाहीत, आणि तेव्हापासून नियमावर बोट ठेवून बसलेत. खेळी त्यांची आहे, म्हणून आईंशी बोलता येत नाही, आणि फोन मधेच आईंच्या हातात जाईल म्हणून तुमच्याशीही नाही. पट हलवायचा नाही, आईंच्या वाट्याच्या पालथ्या चकत्याही नाहीत. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो आणि तुमचे बंधू इस्त्रीच्या टेबलाशी उभ्यानं जेवतात.

आता लावून टाका काहीतरी, म्हणून मी किती विनवण्या केल्या! पण बाबांना साधा शब्द चालत नाही. अख्ख्या खेळात एक्सची चकती एकच आणि ती आईंनी लावलेली. तिच्याच डोक्यावर दोन अक्षरं चढवून आईंना गप्प करीन, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पुन्हा शब्द आधी घरात करून बघायचा, जमला तरच लावायचा.

पहिला ‘वॅक्स’, म्हणजे मेण. घरातल्या सगळ्या मेणबत्त्या वितळवून बाबांनी बाहेरच्या खोलीची फरशी घासली. दिसायला झकास दिसत होती, नाही म्हणत नाही. संध्याकाळी डॉक्टर आले ते दारातून थेट पुस्तकांच्या कपाटापर्यंत विनातिकीट पोचले. हाडबीड काही मोडलं नाही, फक्त दाताच्या डॉक्टरांचा नेमका पुढचा दात हलला. मग ‘मिक्स’. स्वयंपाकघरात डबे फार झालेत असं ठरवून बाबांनी चहा, कॉफी, साखर आणि (साखरच समजून) मीठ एकाच डब्यात केलं. त्या पेयाबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्ही सध्या पथ्यावर आहात. त्यानंतर ‘फॉक्स’ची पाळी आली, तेव्हा घरात कोल्हा कुठून दाखवणार? बाबा बराच वेळ डॉक्टरांकडे एकटक बघत बसले. आधीच दातानं हळवे झालेले डॉक्टर उठून गेले, ते अजून आलेले नाहीत.

आणि परवा ‘बॉक्स’. मला वाटलं आता गुद्दागुद्दी होणार, म्हणून मी तुमच्या बंधूंना पुढे केलं. पण बाबांनी एक मोठं खोकं आणलं आणि आईंच्या वस्तू त्यात भरायला लागले. शाल, चष्म्याचं जुनं घर, छोटा रेडिओ. म्हणाले, “तिला पाठवून दे. ती काही आता येत नाही.” मी भाजी चिरायला परत आत गेले. थोड्या वेळानं बघते तर ते एकेक वस्तू बाहेर काढून जिथली तिथे ठेवत होते, शालीची घडीसुद्धा आईंसारखीच घालायचा प्रयत्न चालला होता. वन्सं, मला फार भरून आलं. या माणसावर मी महिनाभर चिडचिड केली आणि ते बिचारे आईंवाचून नुसते सैरभैर झालेत.

काल सकाळी ठोकाठोकीनं जाग आली. स्वयंपाकघरातली वरची फळी बाबा खाली घेत होते. आठवतंय ना? आई उंचीनं लहान, एकेका डब्यासाठी स्टुलावर चढायच्या, आणि मी या घरात आले तेव्हापासून रोज म्हणायच्या की ती मेली फळी खाली घ्या. मी टेप द्यायला गेले तर नको म्हणाले. शर्टाच्या दुसऱ्या बटणावर हात ठेवून म्हणाले, “ती इथवर येते.” त्या हिशेबानं फळी ठोकली, हात धुतले, टेबलाशी गेले आणि आईंच्या एक्सवर दोन चकत्या ठेवल्या. ‘फिक्स’, म्हणजे बिघडलेलं ठाकठीक करणं.

बाळाला पापा. भाऊजींना नमस्कार.

तुमची,
(नव्या फळीनं कपाळावर टेंगूळ आलेली) वहिनी

ता. क. वर ‘आईंना हवं तितके दिवस ठेवून घ्या’ असं जे लिहिलंय, ते खोडलं आहे असं समजा.

ता. क. २. बाबांनी शब्द लावला, म्हणजे आता खेळी आईंची. नियमानं आता त्यांना बोलता येणार नाही! तेव्हा फोनचा काही उपयोग नाही. त्यांनी स्वतः येऊन शब्द लावला तरच हे घर बोलायला लागेल. मेणाचं मात्र त्यांना सांगू नका.

ता. क. ३. सूनबाईनं पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं आणि पाकीट चिकटवलं नव्हतं. डॉक्टरचा दात आधीपासूनच हलत होता. तुझ्या आईला सांग, तिच्या चकत्या मी उलटून पाहिलेल्या नाहीत. गाडी कुठली ते कळव. सामान उचलायला बैल स्टेशनवर येऊन उभा राहील.
— बाबा