बहिष्काराच्या सतरा सह्या

३ मार्च, सोमवार
रेकॉर्ड कंपनीशी आज कायमचं तोडलं. एकाच सिनेमाचं पार्श्वसंगीत चौथ्यांदा काढतायत. आधी साधं, मग ‘संपूर्ण’, मग ‘खरोखर संपूर्ण’, आता ‘अंतिम संपूर्ण’. जादा काय, तर खलनायक जिना उतरतो तिथली चाळीस सेकंदं. आम्ही काय दूधखुळे आहोत?

४ मार्च
संग्राहक मंडळाची तातडीची सभा, आमच्या बैठकीच्या खोलीत. बहिष्काराचा ठराव. सतराच्या सतरा सह्या. जो विकत घेईल त्याने मंडळ सोडायचं, हे कलम अध्यक्ष म्हणून माझं. ऑफिसात मला कुणी विचारत नाही. इथे सोळा जण माझं ऐकतात. हे मंडळ गेलं तर माझ्याकडे काय उरतं?
हिला ठराव वाचून दाखवला. म्हणाली, तुम्ही पाळाल का? ठरावाची घडी करून खिशात ठेवली.

७ मार्च
कंपनीची जाहिरात. फक्त तीनशे प्रती, रविवारी सकाळी अकरा. ढुंकूनही पाहिलं नाही. दोनदाच पाहिलं.

९ मार्च, सकाळी १०.५०
कॉम्प्युटर लावलाय. हवामान बघायला.
११.०५
एक मागवली. बहिष्कारासाठीच. माल टाकाऊ आहे म्हणायचं तर पुरावा नको? विषय संपला.

१२ मार्च
ग्रुपवर लिहिलं की कंपनीला जबर फटका बसलाय. खजिनदारांनी कळवलं, तीनशे प्रती सहा मिनिटांत संपल्या. लोकांना तत्त्व म्हणून नाहीच.

२२ मार्च, शनिवार
खोकं आलं. एका रेकॉर्डसाठी एवढं? हिने आणि मी मिळून उचललं. आत सोळा सीलबंद रेकॉर्डी, प्रत्येकीवर नाव. खजिनदार. ठरावाला अनुमोदन देणारे डॉक्टर. झाडून सगळे. कंपनीकडे आम्हा सगळ्यांचा पत्ता एकच, माझा. घरोघरच्या बायकांना चुकवायला मीच तो दिला होता, आणि फितुरीच्या घाईत तो बदलायचं एकालाही सुचलं नाही.
माझ्या नावाची मात्र नाही. खोकं उलटं करून झटकलं. मग डोकं चाललं: नाव नाही, म्हणजे मी धुतल्या तांदळासारखा. उद्या सभा. सगळ्यांना मोठ्या मनाने माफ करणार.

२३ मार्च, रविवार
तत्त्वनिष्ठेवर अर्धा तास बोललो. सोळा माना खाली. डॉक्टरांनी डोळे पुसले. मग एकेकाला माफ करत रेकॉर्ड हातात देत गेलो. खजिनदार कागद वाचल्याशिवाय काही ताब्यात घेत नाहीत. खोक्याला बाहेरून चिकटवलेली यादी त्यांनी सोडवली आणि मोठ्याने वाचली. मागण्या सतरा, पाठवल्या सोळा. सतरावं नाव माझं. पुढे शेरा: माल संपला, क्षमस्व.
हिने चहा आणला, माझ्याकडे न बघता. शेवटी डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या, अध्यक्ष तुम्हीच राहा. एकमताने माफी मिळाली.
मी म्हटलं, मग कुणीतरी एक उघडा, ती चाळीस सेकंदं तरी ऐकू. सोळाही जणांनी आपापली रेकॉर्ड छातीशी धरली. सील तोडायला कुणीच तयार नाही.