आजच्या सामन्याचा वीर

१२ जून, बुधवार

लेकीने, जनेलने, मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं! पुढच्या शनिवारी बेसबॉलच्या सामन्यात तिसरा डाव संपला की मला मैदानात उभं करणार — ‘आजच्या सामन्याचा वीर’. सौजन्य: एक गाद्यांची कंपनी. व्हिएतनामच्या युद्धात प्लेकूच्या लष्करी इस्पितळात नर्स होते तेव्हा धड गादी मिळाली नव्हती. आता व्हिएतनामची भरपाई व्याजासकट.

"आई, आजवर कुणी विचारलं तरी का तुला?" लेक म्हणाली.

नाही विचारलं. युद्धाचा विषय निघाला की लोक मर्लकडे बघतात. मर्लकडे! पावलं सपाट म्हणून भरतीतून सुटलेला, जन्मभर गालिचे विकलेला माझा नवरा.

हो म्हटलं. एकदा तरी माझं नाव मोठ्याने वाचलं जाऊ दे.

२० जून

बेसबॉल क्लबच्या सूचना आल्या. हसायचं, हात हलवायचा, बोलायचं नाही. रेंगाळायचं तर अजिबात नाही, कारण लगेच प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी सॉसेजच्या वेशातल्या माणसांची शर्यत असते. देशाचे ऋण अमर्याद असले तरी वेळ मर्यादित आहे.

मर्लने आज पुन्हा विचारलं, "कुणाचं लग्न आहे?"

"माझा सत्कार आहे."

"अरे वा. जेवण असेल ना?"

डॉक्टर म्हणतात, या विसरण्यात आधी नावं जातात. जनेलचं गेलंच.

२२ जून, शनिवार

क्लबने मला टोपी दिली, सोनेरी अक्षरांत ‘व्हिएतनाम’ लिहिलेली. ऊन मरणाचं. मर्लचं टक्कल लालबुंद झालेलं. मी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली — आणि संपलंच सगळं!

कानाला हेडफोन लावलेली क्लबची एक पोरगी धावत आली. "आजोबा, तुम्ही इथे, रेषेवर. आजी, तुम्ही जरा मागे हं."

"अगं, ती मी—"

"हो हो आजी, तुम्हालाही दाखवतील!"

"लेफ्टनंट लिंडक्विस्ट!" भोंगा गर्जला. हुद्दा माझा, आडनाव दोघांचं. पडद्यावर मर्ल, घराएवढा. अख्खं मैदान उभं राहिलं. गड्याने टोपी काढून अशी काही हलवली, जशी रोज घरी तालीम करतो. "आणि त्यांच्या पाठीशी सदैव उभ्या राहिलेल्या त्यांच्या पत्नी!" ते मात्र खरं. पाठीशीच उभी होते. त्या पोरीने उभं केलं होतं.

मग सॉसेज धावली.

बाहेर पडताना एकाने मर्लचा हात धरला. "साहेब, तुमच्यासारख्यांमुळे आम्ही आहोत."

"त्यात काय एवढं," मर्ल म्हणाला. विनम्र तर इतका!

गाडी मी चालवली.

२४ जून

क्लबला फोन करून झालेला घोळ सांगितला. पलीकडची बाई रडायच्या बेतात. "मॅडम, येत्या शनिवारी पुन्हा या. आणि प्लीज, एकट्याच या, म्हणजे घोळ नको." येते म्हटलं! निळा कोट इस्त्री करून ठेवला. मर्लजवळ जनेल थांबेल.

२७ जून, गुरुवार

शेजारचा ऑसगुड कुंपणाशी मर्लला चिडवत होता. "काय लेफ्टनंटसाहेब, आम्हाला कधी पत्ता लागू दिला नाहीत!" म्हटलं, याला आत्ताच सरळ करावं. बाहेर गेले, तर मर्ल बोलत होता.

"नेब्रास्काचा एक जवान होता. डोळ्यांवर पट्टी. थंड दूध मागायचा. दूध कुठलं तिथे? मी पावडर कालवली, हेलिकॉप्टरवाल्यांकडून बर्फ मागून आणला. प्यायला आणि म्हणाला, हे आमच्याच गाईचं. मी म्हटलं, हो रे, तिचंच. सकाळी खाट रिकामी."

शब्दन् शब्द खरा. फक्त ते सगळं मी केलेलं. मर्लला एकदाच सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. तो पेपर वाचत होता. माझं सांगून झालं, तर मीठ मागितलं.

आजवर मी धरून चालले होते, की त्याने ऐकलंच नाही.

आल्या पावली घरात परतले. क्लबला कळवलं — एकटी येणार नाही.