पुढं केलेली काठी

६ जानेवारी १९८६
लागलो बुवा एकदाचा कामाला! पूर्णेच्या जिनिंगवर दिवसपाळीचा वॉचमन. सोनपेठहून निघताना आई म्हणाली, राखणीला जायलास का लगनाला? इतका मी नटलो होतो. खाकी शर्ट आखूड आहे, पण शिट्टी कोरी करकरीत. आवारात माझ्या दुप्पट उंचीच्या कापसाच्या गंज्या आहेत. गेल्या महिन्यात एक पेटली. ती विझवताना आधीचा वॉचमन ग्यानबा भाजला आणि दवाखान्यात वारला. वाईट वाटलं. पण जागा त्यामुळंच रिकामी झाली, हेही खरं.

संध्याकाळी रात्रपाळीचा बन्सीधर येतो. इथली रीत अशी की काठी दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय वॉचमननं फाटक सोडायचं नाही. आणि पुढं केलेली काठी समोरच्यानं नाकारायची नाही. काठी घेतली की जबाबदारी त्याची. बन्सीधर हे असं सांगतो, जणू हैदराबादची गादीच सोपवायलाय. मला हसू आलं.

११ जानेवारी
ग्यानबाची बायको केवळाबाई रोज फाटकाबाहेर येऊन बसते. तिनं नुकसानभरपाईचा दावा लावलाय. मालक म्हणतात, त्या दिवशी ग्यानबा पाळीवर नव्हताच, बिडी ओढायला आत शिरला होता. आज चौकशीचे साहेब आले. त्याआधी मॅनेजर व्यंकटरावांनी मला चहा पाजला आणि गळ घातली. त्या दिवशी पाळीवर मीच होतो, एवढंच सांगायचं, मग नोकरी पक्की. मी तर तेव्हा सोनपेठच्या बाजारात वांगी विकत होतो. पण गरजवंताला अक्कल नसते. दिला जबाब. वीस तारखेला परभणीला निकाल आहे. जाताना केवळाबाईकडं बघवलं नाही. लाज वाटली.

१४ जानेवारी
आज संक्रांत. कामगारांनी तिळगूळ दिला, दिवस मजेत गेला. मावळतीचं ऊन डोळ्यांवर होतं, समोरून कुणीतरी आलं आणि काठी पुढं केली. सवयीनं घेतली. बन्सीधरच असणार, दुसरं कोण? मग ध्यानात आलं की तो माणूस फाटकातून नाही, गंजीकडून आला होता. आणि पाळी संपली माझी, तर काठी मी द्यायची. तो मला का देतोय?

बन्सीधर आला तेव्हा माझ्या हातात दोन काठ्या होत्या. एक माझी. दुसरी टोकाला काळी आणि गरम. तो मागं सरकला. म्हणाला, ही ग्यानबाची हाय, ही तर त्याच्यासंगं जळाली. माझी घेतली. ती घेतली नाही.

१६ जानेवारी
तळहात आतून पेटलेत. डॉक्टर म्हणतात, काहीच नाही, उलट हात गार आहेत. पेटलेला कापूसही वरून पांढराच दिसतो म्हणे, आत दिवसदिवस धुमसत असतो. हे बन्सीधरनं सांगितलं. सांगायला नको होतं.

काठी रुळांपलीकडं फेकली. सकाळी उठलो तर हातात.

१८ जानेवारी
केवळाबाईपुढं बसलो. माझ्याआधी तीच बोलली. धनी गेल्यापसून रोज सांजच्याला दारात उभे ऱ्हायचे, माझी पाळी कोण घेतो म्हणायचे. संक्रांतीपसून येईनात. सुटले बिचारे. आता तेवढं कामावर असताना गेले म्हणून कागदावर लागू दे, लेकरं जगतील.

ती हसत होती. मी रडलो. सगळं सांगितलं. परवा साहेबांपुढं जबाब फिरवतो म्हणालो. तिनं माझे हात धरले आणि चटका बसल्यागत सोडले. भ्यालो मी नाही, भ्याली तीच—

२० जानेवारी, सकाळ
केवळाबाई फाटकाशी उभी आहे. परभणीची गाडी यायलीय. पण कोपऱ्यातल्या गंजीतून धूर—

कुणालाच दिसेना. बन्सीधर म्हणतो, कुठाय धूर? शिट्टी फुंकली. आवाज नाही. नुसती राख तोंडात.

काठी सुटेना. पाय गंजीकडंच. ती हाका मारायलीय, या दादा, गाडी आली— येता येत नाही. पाळी माझी. मीच म्हणालो होतो.

बन्सीधर, ही वही साहेबांना पोचू दे. केवळाबाईच्या हातात दे, ती परभणीला नेईल. माझा जबाब खोटा. त्या दिवशी मी नव्हतो. पाळीवर होता तो ग्या—